संकेतस्थळ आहे, पण ते सापडते का?

मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ती आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर वाद्यनिर्मितीकडे वळले आणि पुढे 'सतारमेकर' हे त्यांचे आडनावच होऊन बसले. पंढरपूरकडचा भोपळा, पारखून घेतलेले लाकूड आणि कानाने जमवलेली जवारी यांतून घडलेले मिरजेचे तानपुरे देशभरातील मैफलींत वाजू लागले. 2024 मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजेच 'मिरज' हे नाव आता कायद्यानेही या वाद्यांशी जोडले गेले आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. समजा, नाशिकच्या एका विद्यार्थिनीला पहिला तानपुरा घ्यायचा आहे. तिला सतारमेकर गल्ली ठाऊक नाही. ती हातातील मोबाइलवर 'मुलींसाठी तानपुरा किंमत' एवढेच शब्द लिहिते. पुढे येणाऱ्या यादीत वाद्य घडवणाऱ्या कारागिराचे संकेतस्थळ नसेल, तर तिच्या दृष्टीने तो कारागीर अस्तित्वातच नाही. ती वाद्य घेईल ते त्याच्याकडून माल उचलून चढ्या भावाने विकणाऱ्याकडून, किंवा मिरजेचे नाव लावून भलतेच काही विकणाऱ्याकडून. मानांकनाने नाव सुरक्षित केले, तरी ग्राहक आणून देण्याचे काम मानांकन करीत नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असे नाव कमावलेले पुष्कळ काही आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, सांगलीचा बेदाणा आणि सांगलीची हळद यांना यापूर्वीच मानांकन मिळालेले आहे. यांपैकी एखाद्या मालाचे उत्पादक, व्यापारी किंवा पर्यटकांना घरी उतरवणारे यजमान यांच्याकडे आज संकेतस्थळ असते. ते दिसायलाही सुरेख असते. प्रश्न एवढाच असतो की, पत्ता तोंडपाठ असल्याशिवाय ते कोणालाही सापडत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे समजून घेण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

शोधयंत्र पाहते काय?

गुगलसारखे शोधयंत्र तीन कामे करते. पहिले काम भटकंतीचे. त्याची स्वयंचलित आज्ञावली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्या पानावर अशी अखंड फिरत असते. कोळी जसा जाळ्याच्या धाग्यांवरून फिरतो तसे हे असल्याने तिला 'स्पायडर' असेही म्हणतात. दुसरे काम सूचीचे. सापडलेल्या पानावर कोणते शब्द आहेत, ते पान कशाविषयी आहे, याची नोंद ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीप्रमाणे केली जाते. तिसरे काम क्रमवारीचे. कोणी प्रश्न विचारला की, सूचीतील असंख्य पानांतून उपयुक्त वाटणारी पाने निवडून ती क्रमाने मांडली जातात.

यातून एक साधी गोष्ट स्पष्ट होते. आपले संकेतस्थळ सापडत नसेल, तर अडचण या तीनपैकी कोणत्या तरी एका टप्प्यावर आहे. एक तर कोळी तेथपर्यंत पोहोचलेला नाही. किंवा पोहोचला, पण त्याला वाचता आले नाही. किंवा वाचता आले, पण इतरांच्या तुलनेत ते पान उपयुक्त वाटले नाही. रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये, हा नियम येथेही लागू आहे.

पहिली तपासणी कोणालाही करता येते. गुगलच्या रकान्यात 'साइट' हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत लिहून, त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके देऊन, जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. आपली पाने यादीत आली, तर ती सूचीत आहेत. एकही आले नाही, तर संकेतस्थळ घडवणाऱ्याला जाब विचारण्याची वेळ झाली आहे. काम चालू असताना शोधयंत्राला मज्जाव करणारी सूचना पानांत घालून ठेवायची आणि काम संपल्यावर ती काढायला विसरायचे, ही चूक वाटते त्याहून सामान्य आहे.

अक्षर की अक्षराचे चित्र?

मराठी संकेतस्थळांचा खरा घात होतो तो दुसऱ्या टप्प्यावर. आपल्याकडे माहितीपत्रक आधी छापखान्यात तयार होते आणि तेच पुढे संकेतस्थळावर चढवले जाते. छापखान्यातील अनेक जुने मराठी फॉन्ट असे असतात की, पडद्यावर 'हळद' दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक समूह असतो. वाचकाला तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच मराठी दिसते. शोधयंत्राला तर ते मराठी आहे हेच कळत नाही. या शतकाच्या प्रारंभी मराठीतील कितीतरी मजकूर याच कारणामुळे महाजालावर असूनही शोधात येत नसे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक देणारी ही पद्धत आहे आणि 1991 मधील तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीचा तीत समावेश आहे. याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि 1976 मध्ये पहिला खंड प्रकाशित झाला. ते जाडजूड खंड अनेक वर्षे ग्रंथालयांच्या कपाटांत होते. त्यांतील नोंदी युनिकोड मजकुराच्या रूपात महाजालावर आल्या आणि 'हळद' किंवा 'तंबोरा' यांविषयी मराठीत शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला वाईला न जाता, खंड न चाळता, नेमकी नोंद मिळू लागली. हेच खंड केवळ पानांची छायाचित्रे म्हणून चढवले असते, तर एकेक नोंद अशी सहजपणे हाती आली नसती.

म्हणून माहितीपत्रकाचे छायाचित्र म्हणजे माहिती नव्हे. चित्रांतील अक्षरे ओळखण्याची कला यंत्रांनी आज बरीच आत्मसात केली असली, तरी तिच्यावर विसंबून राहू नये. नाव, पत्ता, दूरध्वनी, मालाचे वर्णन आणि दर हे सारे युनिकोड मजकुरातच असावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या आज्ञावल्या विनामूल्य उपलब्ध आहेत. छायाचित्रे अवश्य असावीत; मात्र प्रत्येक छायाचित्रामागे 'मिरजेचा चार तारांचा तानपुरा' असे त्याचे वर्णन शब्दांत द्यावे. अंध वाचकांच्या संगणकालाही तेच वर्णन वाचून दाखवता येते.

शब्द ग्राहकाचे हवेत

बहुतेक संकेतस्थळांच्या पहिल्या पानावर 'गुणवत्ता हेच आमचे ब्रीद', 'ग्राहकांचा संतोष हेच आमचे ध्येय' अशी वाक्ये झळकत असतात. ती असत्य असतील असे नव्हे. पण ग्राहक संतोष शोधत नसतो, तो हळद शोधत असतो. आपला ग्राहक कोणत्या शब्दांत विचारतो, हे शोधणे ही या सगळ्या खटाटोपाची गुरुकिल्ली आहे.

येथे मराठी माणसापुढे एक वेगळी अडचण असते. आपण 'सतार' म्हणतो, हिंदी भाषक 'सितार' म्हणतो. कोणी 'तानपुरा' लिहितो, कोणी 'तंबोरा'. कोरेगावच्या शेतकऱ्याचा 'वाघ्या घेवडा' दिल्लीच्या ग्राहकाला कळणार नाही. तो 'राजमा' शोधील. शिवाय अनेक मराठी माणसे मराठी शब्दच रोमन लिपीत लिहून शोधतात. हे सर्व शब्द एका वाक्यात कोंबण्याची गरज नाही. मजकुरात 'वाघ्या घेवडा हा राजम्याचाच एक प्रकार' असे स्वाभाविकपणे लिहिले की, दोन्ही शब्द आले आणि वाचकाच्या ज्ञानातही भर पडली. मराठी आणि इंग्रजी मजकूर मात्र एकाच पानावर सरमिसळ न करता स्वतंत्र पानांवर द्यावा आणि दोन्ही पाने एकमेकांना जोडावीत.

पूर्वी पानाच्या पोटात शेकडो शब्दांची अदृश्य यादी दडवून ठेवण्याची प्रथा होती. क्रमवारी ठरवताना अशा यादीचा आपण विचारच करीत नाही, असे गुगलने 2009 मध्ये जाहीर केले. तरीही या यादीसाठी आजसुद्धा पैसे आकारणारे लोक भेटतात. एकच शब्द पंचवीस वेळा लिहिण्याच्या युक्तीचीही तीच गत आहे. त्याने वाचक कंटाळतो आणि यंत्रही फसत नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे पानाचे शीर्षक. शोधाच्या यादीत ठळक अक्षरांत दिसते ते बहुधा हेच. 'मुखपृष्ठ' किंवा 'स्वागत' असे शीर्षक म्हणजे दुकानावर 'दुकान' अशी पाटी लावण्यासारखे आहे. 'मर्दानी व जनानी तानपुरे, मिरज: प्रकार आणि किमती' असे शीर्षक असेल, तर नाशिकची ती विद्यार्थिनी थांबेल. दुसरी गोष्ट म्हणजे एका विषयाला एक पान. सतार, तानपुरा, दुरुस्ती आणि वाद्य परगावी पाठवण्याची व्यवस्था या चार विषयांची चार पाने असावीत. सगळे एकाच लांबलचक पानावर असले की, ते पान कोणत्याही प्रश्नाचे नेमके उत्तर ठरत नाही.

जे इतरांना लिहिता येत नाही

क्रमवारीच्या तिसऱ्या टप्प्यावर प्रश्न येतो तो विश्वासाचा. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी 1998 मध्ये गुगल कंपनी स्थापन केली तेव्हा त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य हेच होते की, एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे एक शिफारस मानली जाई. आणि शिफारस करणाराच नामांकित असेल तर तिचे वजन अधिक. आज क्रमवारीत इतरही असंख्य बाबी विचारात घेतल्या जातात, परंतु शिफारशीचे महत्त्व टिकून आहे.

या शिफारशी विकत मिळतात, असे सांगणारे पुष्कळ आहेत. गुगलच्या नियमांनुसार क्रमवारीसाठी दुवे विकत घेणे हा गैरप्रकार असून, तो उघडकीस आल्यास पान मागे पडू शकते. खरी शिफारस मिळवण्याचा मार्ग एकच: जे इतरांना लिहिता येणार नाही ते आपण लिहावे.

सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचेच उदाहरण घ्या. 'शुद्ध व उत्तम हळद' असे तर सारेच लिहितात. परंतु सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीखाली खोदलेल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी पद्धत होती. पेवात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता कशी टिकत असे, ती भरण्याची व काढण्याची रीत काय होती, 2005 च्या महापुरात या पेवांची हानी कशी झाली, हे सांगलीच्या माणसाइतके अधिकाराने कोण लिहू शकेल? असे एक पान सचित्र लिहिले, तर शेतीचा अभ्यासक, पत्रकार, शिक्षक आपापल्या लेखनातून त्याचा दुवा देतील. तसेच वाद्यकारागिराने जवारी म्हणजे काय, ती कधी करून घ्यावी, पावसाळ्यात तानपुरा कसा जपावा, यावर लिहावे. विद्यार्थी तो लेख वाचायला येईल आणि पुढे कधीतरी वाद्य घ्यायलाही येईल.

मोबाइल आणि महापूर

आता वेगाविषयी. आपले संकेतस्थळ आपण कार्यालयातील मोठ्या पडद्यावर पाहतो. ग्राहक ते मोबाइलवर पाहतो. गुगलही आता पानाची मोबाइलवरील आवृत्ती प्रमाण मानून सूची करते. हे स्थित्यंतर पूर्ण झाल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. मोठ्या पडद्यावर असलेला मजकूर मोबाइलच्या आवृत्तीतून गाळला असेल, तर सूचीच्या दृष्टीने तो गाळलेलाच राहतो.

वेगाचे मोल सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. 1929 मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये तेथे पाणी 57 फुटांच्या वर गेले. अशा रात्री घराबाहेर पडावे की नाही, हे ठरवू पाहणारा माणूस अंधारात, उतरत चाललेल्या बॅटरीवर आणि क्षीण झालेल्या नेटवर्कवर पाण्याची पातळी शोधत असतो. त्याला फिरती चित्रे नको असतात, वाजणारे संगीत नको असते. त्याला एक आकडा आणि तो किती वाजताचा आहे, एवढेच हवे असते. ज्या पानावर हा आकडा साध्या मजकुरात, तारीख-वेळेसह, वर दिसेल असा दिलेला असतो ते पान त्या रात्री सर्वांत परिणामकारक संकेतस्थळ ठरते. व्यापारी संकेतस्थळांनाही ही कसोटी लावून पाहावी. कॅमेऱ्यातून निघालेली भलीमोठी छायाचित्रे लहान करून चढवणे, एवढ्यानेच अनेक पाने पुष्कळ हलकी होतात.

जुनी माहिती हाही असाच एक दोष आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या कास पठारावर फुलांचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा असतो आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तेथे खोल्या देणाऱ्या एखाद्या यजमानाच्या पानावर चार वर्षांपूर्वीचे शुल्क आणि नियम तसेच असतील, तर दूरवरून आलेले कुटुंब परत फिरेल आणि पुन्हा त्या पानावर विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक महत्त्वाच्या पानावर 'अखेरचा बदल' कधी केला ती तारीख द्यावी, आणि ती खरी असावी.

किल्ली कोणाच्या हाती?

एवढे सारे करूनही एक गोष्ट राहून गेली, तर मेहनत वाया जाऊ शकते. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर नोंदवलेले आहे हे तपासून घ्यावे. पुष्कळदा संकेतस्थळ घडवून देणारा ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवरून नोंदवतो. पुढे तो गाव सोडतो, व्यवसाय बदलतो किंवा त्याच्याशी बिनसते. नूतनीकरणाची मुदत टळते आणि वर्षानुवर्षे कमावलेले नाव दुसऱ्याच्या हाती जाते. दुकानाचा भाडेकरार आपण सुताराच्या नावाने करीत नाही. तोच व्यवहार येथेही हवा. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' या प्रत्ययासह नाव घेण्याचीही सोय झाली आहे. नाव कोणतेही घ्यावे, मात्र ते आपल्या नावावर असावे. संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित असेल याचीही खातरजमा करावी. तशी ती नसल्यास गुगलचा क्रोम ब्राउझर 2018 पासून 'असुरक्षित' असा शेरा दाखवतो आणि ग्राहक दारातूनच परततो.

गुगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. 'जवळचे वाद्य दुरुस्तीचे दुकान' असा शोध घेणाऱ्याला प्रथम हीच नोंद दिसण्याचा संभव असतो. नाव, पत्ता आणि दूरध्वनी नकाशावर, संकेतस्थळावर आणि पाटीवर अगदी एकसारखे असावेत. त्याचप्रमाणे 'सर्च कन्सोल' ही गुगलची विनामूल्य सेवा सुरू करावी. कोणत्या शब्दांवरून लोक आपल्याकडे आले आणि कोणते पान सूचीत गेले नाही, हे त्यात दिसते. महिन्यातून एकदा अर्धा तास ही यादी पाहणे हे अनेक सल्लागारांच्या अहवालांपेक्षा उपयोगी ठरते.

'आठ दिवसांत पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे कोणी सांगितल्यास त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच स्पष्ट केले आहे. नव्या संकेतस्थळाला ओळख मिळायला काही महिने लागणे स्वाभाविक आहे.

2024 पासून भारतातही अनेक प्रश्नांना गुगल यादीच्या आधी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर देऊ लागले आहे. त्यामुळे संकेतस्थळाची गरज संपली, असे काहींना वाटते. वस्तुतः यंत्र हे उत्तर महाजालावरील मजकुरातूनच रचते. मिरजेचा तानपुरा कसा ओळखावा, हे मिरजेच्या कारागिराने लिहून ठेवले नसेल, तर यंत्र ते दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दांत सांगेल; आणि तो दुसरा कदाचित कधी मिरजेला आलेलाही नसेल.

म्हणून आजच संध्याकाळी एक काम करावे. स्वतःचे नाव न लिहिता, आपला ग्राहक विचारील त्या शब्दांत मोबाइलवर शोध घ्यावा. यादीत आपण दिसलो नाही, तर गेल्या महिन्यात ग्राहकांनी दुकानात किंवा दूरध्वनीवर विचारलेले दहा प्रश्न कागदावर लिहून काढावेत. त्या दहा प्रश्नांची साध्या मराठीत लिहिलेली खरी उत्तरे हाच आपल्या नव्या संकेतस्थळाचा आराखडा होय.